‘अ’, ‘द’ आणि ‘इट’ : इंग्रजी वाक्यातील ओळखीच्या तीन पायऱ्या

इंग्रजी व्याकरणाच्या शालेय पुस्तकांत उपपदे आणि सर्वनामे ही दोन स्वतंत्र प्रकरणे असतात. एका प्रकरणात ‘अ’, ‘ॲन’ आणि ‘द’ यांचे नियम व त्यांचे अपवाद पाठ करायचे. दुसऱ्यात ‘आय’चे ‘मी’, ‘ही’चे ‘हिम’, ‘दे’चे ‘देम’ असा तक्ता घोकायचा. परीक्षेतही रिकाम्या जागा भरण्याचे प्रश्न वेगवेगळे येतात. त्यामुळे दोन्ही प्रकरणांत पैकीच्या पैकी गुण मिळवणारा विद्यार्थीही इंग्रजीत चार वाक्ये सलग बोलू लागला की अडखळतो. कारण प्रत्यक्ष बोलण्यात ही दोन प्रकरणे वेगळी नसतातच. उपपद आणि कर्माच्या जागी येणारे सर्वनाम हे दोघे मिळून एकच काम करत असतात.

एक साधे उदाहरण घेऊ. परीक्षेच्या वर्गात विद्यार्थी पर्यवेक्षकांना म्हणतो, ‘सर, आय हॅव लॉस्ट माय पेन. डू यू हॅव इट?’ त्याला म्हणायचे असते, ‘माझे पेन हरवले आहे, तुमच्याकडे एखादे आहे का?’ परंतु इंग्रजी कानाला ऐकू येते ते असे : ‘माझे पेन हरवले आहे, ते तुमच्याकडे आहे का?’ म्हणजे विनंतीची झाली चौकशी, आणि थोडा आवाज चढला तर आळसुद्धा! ‘इट’च्या जागी ‘वन’ म्हटले असते तर सारे सुरळीत झाले असते. येथे व्याकरणाचा कोणताही नियम मोडलेला नाही. दोन्ही वाक्ये वेगवेगळी पाहिली तर निर्दोष आहेत. चुकला आहे तो त्यांच्यातला दुवा.

महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीच्या वर्गापासून इंग्रजी शिकवले जाते. त्यापूर्वीच्या पिढ्यांची इंग्रजीशी गाठ पाचवीत पडत असे. शिकण्याची वर्षे वाढली, पण नोकरीची मुलाखत, अर्ज किंवा परदेशातील ग्राहकाला लिहायचे पत्र यांत अडचण होते ती आजही याच दोन-तीन अक्षरी शब्दांची. म्हणून हे दोन विषय एकत्र मांडून पाहणे उपयोगाचे ठरेल.

ओळखीच्या तीन पायऱ्या

एका शेतकऱ्याची छोटी गोष्ट इंग्रजीत सांगायची आहे. ‘अ फार्मर हॅड ॲन ऑक्स. दि ऑक्स वॉज ओल्ड. द फार्मर सोल्ड इट.’ पहिल्या वाक्यात शेतकरी आणि बैल दोघेही श्रोत्याला अनोळखी आहेत, म्हणून ‘अ’ आणि ‘ॲन’. दुसऱ्या वाक्यात बैलाची ओळख झालेली आहे, म्हणून ‘दि’. तिसऱ्या वाक्यापर्यंत बैल श्रोत्याच्या इतका डोळ्यांसमोर आहे, की त्याचे नावही घ्यावे लागत नाही; नुसते ‘इट’ पुरते.

अनोळखी, ओळखीचे आणि अगदी समोरचे अशा या तीन पायऱ्या आहेत. ‘अ’ने वस्तू रंगमंचावर येते, ‘द’ने तिच्याकडे बोट दाखवले जाते आणि ‘इट’, ‘हिम’, ‘हर’ किंवा ‘देम’ या सर्वनामांनी तिची नुसती आठवण दिली जाते. इंग्रजी बोलणारा माणूस प्रत्येक नामापाशी थांबून जणू स्वतःला विचारतो, ‘मी कोणत्या वस्तूबद्दल बोलतो आहे हे समोरच्याला कळले आहे का?’ त्या प्रश्नाच्या उत्तरावर पायरी ठरते.

‘द’साठी वस्तूचा उल्लेख आधी झालेलाच असावा असेही नाही. घरात असताना ‘क्लोज द डोअर’ म्हटले की कोणते दार हे ऐकणाऱ्याला परिस्थितीवरूनच कळते. ‘आय बॉट अ सायकल, बट द ब्रेक्स वेअर बॅड’ या वाक्यात ब्रेकचा उल्लेख प्रथमच येतो, तरी तेथे ‘द’ लागतो. कारण सायकल म्हटली की ब्रेक आलेच. कसोटी उल्लेखाची नसून ओळखीची आहे.

यातून एक नियम आपोआप निघतो. सर्वनाम एकट्या नामाच्या जागी येत नाही. उपपद, विशेषण आणि नाम या साऱ्या गटाच्या जागी येते. ‘दि ओल्ड ऑक्स’ या तिन्ही शब्दांचे मिळून एक ‘इट’ होते. म्हणूनच ‘द इट’ किंवा ‘अ हिम’ अशी रचना संभवत नाही. ओळख पटल्याची खूण सर्वनामाच्या पोटातच असते, तिला पुन्हा ‘द’ची जोड नको.

मराठीतही हा भेद आहे

मराठीत उपपदे नाहीत, त्यामुळे मराठी माणसाला हा भेदच कळत नाही, असा एक समज आहे. तो खरा नाही. मराठीत हा भेद आहे. फक्त तो वेगळ्या ठिकाणी ठेवलेला आहे.

‘मी डॉक्टर शोधतो आहे’ आणि ‘मी डॉक्टरांना शोधतो आहे’ ही दोन वाक्ये पाहा. पहिल्या वाक्यात कोणीही डॉक्टर चालेल. दुसऱ्यात ठरावीक डॉक्टरांचा शोध आहे. इंग्रजीत पहिल्यासाठी ‘अ डॉक्टर’ आणि दुसऱ्यासाठी ‘द डॉक्टर’ म्हणावे लागेल. जे काम इंग्रजीत उपपद करते, ते येथे मराठीच्या विभक्तिप्रत्ययाने केले आहे.

शब्दांच्या क्रमानेही आपण हेच साधतो. ‘टेबलावर पुस्तक आहे’ म्हणजे ‘देअर इज अ बुक ऑन द टेबल’. ‘पुस्तक टेबलावर आहे’ म्हणजे ‘द बुक इज ऑन द टेबल’. मराठीत एकही शब्द वाढला नाही की कमी झाला नाही. केवळ जागा बदलली आणि पुस्तक अनोळखीचे ओळखीचे झाले.

तिसरे साधन म्हणजे मौन. ‘पुस्तक आणलेस का?’ या प्रश्नाला मराठीत ‘हो, आणले’ एवढे उत्तर पुरते. जे दोघांनाही ठाऊक आहे ते मराठीत खुशाल गाळता येते. इंग्रजीला हे मौन मानवत नाही. तेथे ‘यस, आय ब्रॉट’ हे वाक्य अर्धवट राहते. ‘यस, आय ब्रॉट इट’ असेच म्हणावे लागते. ‘डिड यू लाइक द फिल्म?’ याचे उत्तर ‘यस, आय लाइक्ड इट’. मराठी भाषकाच्या इंग्रजीत ‘इट’ आणि ‘देम’ हरवतात ते या सवयीमुळे. ‘आय हॅव सबमिटेड द फॉर्म. प्लीज चेक.’ या कचेरीतल्या नेहमीच्या मजकुरातही ‘इट’ची जागा रिकामीच असते. ‘आय नो’, ‘आय अंडरस्टँड’, ‘आय रिमेंबर’ अशी काही क्रियापदे मात्र कर्मावाचून चालतात. त्यामुळे क्रियापद कोणते आहे याकडे लक्ष द्यावे लागते.

‘एक’ या शब्दाविषयीही सावध असलेले बरे. ‘अ’ म्हणजे ‘एक’ असे शाळेत सांगितले जाते. पण ‘तो शिक्षक आहे’ या वाक्यात मराठीला ‘एक’ लागत नाही आणि इंग्रजीत मात्र ‘ही इज अ टीचर’ हा ‘अ’ अपरिहार्य असतो. मराठी ‘एक’ पुढे ज्याविषयी काही सांगायचे आहे त्याला मंचावर आणतो. इंग्रजी ‘अ’ त्याखेरीज ‘त्या जातीतला कोणीही’ एवढेही सांगतो. म्हणून मराठी वाक्यात ‘एक’ नाही याचा अर्थ इंग्रजीत ‘अ’ नको, असा होत नाही.

या एका अक्षराला किती वजन असते, याचे जगप्रसिद्ध उदाहरण जुलै १९६९ मधले आहे. चंद्रावर पहिले पाऊल ठेवताना नील आर्मस्ट्राँग यांनी उच्चारलेल्या वाक्यात ‘मॅन’ या शब्दाआधी ‘अ’ ऐकू आला नाही. ‘अ मॅन’ म्हणजे एक माणूस; उपपदाविना नुसते ‘मॅन’ म्हणजे अवघी मानवजात. त्यामुळे ‘एका माणसाचे छोटे पाऊल, मानवजातीची मोठी झेप’ या अपेक्षित अर्थाऐवजी दोन्हीकडे मानवजातच आली. आपल्याला ‘अ मॅन’ म्हणायचे होते, असे आर्मस्ट्राँग यांनी नंतर सांगितले. तो ‘अ’ उच्चारला गेला होता की नाही, यावर पुढे ध्वनिमुद्रणाची तपासणी करून वाद घातले गेले.

‘इट’ की ‘वन’?

आता परीक्षेच्या वर्गातल्या पेनकडे वळू. ‘द’ लावलेल्या नामाची जागा ‘इट’ घेतो. ‘अ’ लावलेल्या नामाची जागा ‘वन’ घेऊ शकतो. ‘आय हॅव लॉस्ट माय पेन. हॅव यू सीन इट?’ येथे तेच पेन हवे आहे. ‘आय नीड अ पेन. डू यू हॅव वन?’ येथे कोणतेही चालेल. ‘वन’ला विशेषण आणि उपपद दोन्ही चालतात, हा त्याचा आणखी एक गुण. ‘अ रेड वन’ म्हणजे एखादे लाल, ‘द रेड वन’ म्हणजे ते लाल. ‘इट’ला यातले काहीच चालत नाही.

अनेकवचनात ‘वन’ची जागा ‘सम’ घेतो आणि ‘इट’ची ‘देम’. ‘आय नीड एन्व्हलप्स. डू यू हॅव सम?’ म्हणजे थोडी पाकिटे आहेत का. ‘आय बॉट द एन्व्हलप्स. आय पुट देम ऑन द टेबल.’ म्हणजे तीच पाकिटे. पाणी, साखर, माहिती अशी जी नामे इंग्रजीत मोजली जात नाहीत, त्यांना ‘अ’ही लागत नाही आणि ‘वन’ही. त्यांचे भागते ते ‘सम’ आणि ‘इट’ यांवर. ‘ॲडव्हाइस’, ‘इन्फर्मेशन’, ‘फर्निचर’ आणि ‘लगेज’ ही नामे याच गटातली. मराठीत सल्ले अनेक असतात, म्हणून ‘ॲन ॲडव्हाइस’ किंवा ‘ॲडव्हाइसेस’ असे लिहिले जाते आणि मग पुढच्या वाक्यात ओघानेच ‘देम’ येते. पहिली चूक उपपदाची, दुसरी सर्वनामाची. पण दोन्हींचे मूळ एकच. ‘ही गेव्ह मी सम ॲडव्हाइस, अँड आय फॉलोड इट’ हे त्याचे शुद्ध रूप.

कधी कधी उपपदाचा खरा अर्थ पुढच्या वाक्यातले सर्वनामच उघड करते. ‘शी वाँट्स टू मॅरी अ डॉक्टर’ हे वाक्य दुहेरी अर्थाचे आहे. तिने कोणी ठरावीक डॉक्टर निवडला आहे, की नवरा डॉक्टर असावा एवढीच तिची इच्छा आहे? पुढचे वाक्य ‘डू यू नो हिम?’ असे आले तर निवड झालेली आहे. ते ‘शी विल फाइंड वन’ असे आले तर शोध अजून चालू आहे. मराठीत हा घोळ पहिल्याच वाक्यात मिटतो. ‘तिला डॉक्टरशी लग्न करायचे आहे’ आणि ‘तिला एका डॉक्टरशी लग्न करायचे आहे’ यांतला फरक लग्नाळू मुलीच्या घरात कोणालाही समजावून सांगावा लागत नाही.

दोन कर्मे आली तर

देणे, दाखवणे, पाठवणे, सांगणे अशा क्रियापदांना दोन कर्मे लागतात. कोणाला दिले आणि काय दिले. येथे उपपद आणि सर्वनाम शेजारी शेजारी येतात आणि त्यांच्या क्रमाचा प्रश्न उभा राहतो.

देवनागरीत लिहिताना येथे एक गंमतही दिसते. मराठीत ‘मी’ हा कर्ता. इंग्रजीत ‘मी’ म्हणजे ‘मला’. उच्चार एकच, पण वाक्यातली जागा उलट. संस्कृतातील ‘माम्’, ‘मया’, ‘मम’ या रूपांतला ‘म’ आणि इंग्रजी ‘मी’मधला ‘म’ हे एकाच इंडो-युरोपीय घराण्यातले आहेत.

‘आय गेव्ह हिम अ बुक’ हे वाक्य सहज आणि नैसर्गिक आहे. येथे ‘हिम’ ओळखीचा आणि ‘अ बुक’ नवीन. ‘आय गेव्ह द बुक टू अ स्टुडंट’ हेही तितकेच नैसर्गिक. येथे पुस्तक ओळखीचे आणि विद्यार्थी नवीन. दोन्हींत सूत्र एकच आहे : ओळखीचे आधी, नवे शेवटी. इंग्रजी वाक्यात मानाची जागा अखेरीस असते आणि तेथे नव्या माहितीला बसवतात. सर्वनाम हे सर्वांत जास्त ओळखीचे आणि आकारानेही लहान, म्हणून ते क्रियापदाला चिकटून बसते.

दोन्ही कर्मे ओळखीची असतील आणि वस्तूसाठी ‘इट’ किंवा ‘देम’ वापरायचे असेल, तर ते आधी ठेवून व्यक्तीसाठी ‘टू’ वापरावा. ‘गिव्ह इट टू मी’, ‘शो देम टू हर’. ‘गिव्ह मी इट’ हे ब्रिटनमध्ये बोलताना ऐकू येते, परंतु शिकणाऱ्याने पहिल्या रचनेवर विसंबणे सोयीचे. ‘आय गेव्ह अ बॉय इट’ हे मात्र कानाला खटकते, कारण तेथे अनोळखी मुलगा आधी आणि ओळखीचे ‘इट’ शेवटी, असा क्रम उलटा झाला आहे.

मराठीशी तुलना केली की हे चटकन लक्षात राहते. ‘तू त्याला काय दिलेस?’ याचे उत्तर ‘त्याला पुस्तक दिले’. ‘पुस्तक कोणाला दिलेस?’ याचे उत्तर ‘पुस्तक त्याला दिले’. मराठीत महत्त्वाचा शब्द क्रियापदाच्या लगेच आधी बसतो, इंग्रजीत तो वाक्याच्या शेवटी बसतो. दोन्ही भाषांत क्रियापद बाजूला ठेवून पाहिले, तर कर्मांचा क्रम तोच राहतो! ‘त्याला पुस्तक’ म्हणजे ‘हिम अ बुक’. ‘पुस्तक त्याला’ म्हणजे ‘द बुक टू हिम’.

एक अपवाद मात्र पाठ करण्याजोगा आहे. ‘एक्स्प्लेन’, ‘डिस्क्राइब’, ‘सजेस्ट’ आणि ‘से’ या क्रियापदांना व्यक्ती थेट चिकटत नाही. ‘प्लीज एक्स्प्लेन मी द रूल’ हे आपल्याकडे वर्गावर्गात ऐकू येणारे वाक्य अशुद्ध आहे. ‘प्लीज एक्स्प्लेन द रूल टू मी’ असे म्हणावे. ‘टेल मी द स्टोरी’ चालते आणि ‘से मी द वर्ड’ चालत नाही, हा केवळ त्या त्या क्रियापदाचा स्वभाव आहे.

जोडक्रियापदांतील जागा

‘पुट ऑन’, ‘स्विच ऑफ’, ‘फिल इन’, ‘पिक अप’ अशी जोडक्रियापदे इंग्रजीत विपुल आहेत. येथेही ओळखीचे सूत्र काम करते. ‘स्विच ऑफ द फॅन’ आणि ‘स्विच द फॅन ऑफ’ हे दोन्ही चालते. पण पंख्याचे ‘इट’ झाले की पर्याय संपतो. ‘स्विच इट ऑफ’ असेच म्हणावे लागते, ‘स्विच ऑफ इट’ नाही. उपपदासह येणाऱ्या नामाला दोन्ही जागा मोकळ्या आहेत, सर्वनामाला मधलीच. शेवटची मानाची जागा नव्या किंवा वजनदार माहितीसाठी राखलेली आहे आणि ‘इट’मध्ये नवे काहीच नाही.

त्याच न्यायाने ‘फिल इन द फॉर्म’, पण ‘फिल इट इन’. ‘पिक अप द चिल्ड्रन’, पण ‘पिक देम अप’. मात्र ‘लुक ॲट’, ‘लुक आफ्टर’, ‘वेट फॉर’ यांतील दुसरा शब्द क्रियापदापासून सुटत नाही. तेथे ‘लुक आफ्टर द बेबी’ आणि ‘लुक आफ्टर हर’ असा एकच क्रम असतो. ओळखण्याची युक्ती सोपी आहे : नाम मध्ये घालून पाहावे. ‘स्विच द फॅन ऑफ’ जमते, म्हणून सर्वनामही मध्ये जाईल. ‘लुक द बेबी आफ्टर’ जमत नाही, म्हणून सर्वनामही शेवटीच राहील.

हात, पाठ आणि कॉलर

उपपद व सर्वनाम यांची सर्वांत सुंदर जोडी शरीराच्या अवयवांच्या संदर्भात दिसते. इंग्रजीत सहसा ‘माय हँड’, ‘हिज हेड’ असे मालकीदर्शक शब्द वापरतात : ‘ही वॉश्ड हिज हँड्स’. पण कोणी आपल्याला काही केले आणि त्याचा स्पर्श एखाद्या अवयवाला झाला, तर रचना बदलते. ‘शी टुक मी बाय द हँड’, ‘ही हिट मी ऑन द हेड’, ‘दे सीझ्ड हिम बाय द कॉलर’. येथे ‘बाय माय हँड’ न म्हणता ‘बाय द हँड’ का? कारण हात कोणाचा हे ‘मी’ या कर्माने आधीच सांगून टाकले आहे. सर्वनामाने मालक दाखवला, आता हाताची ओळख पटवायला नुसता ‘द’ पुरतो. एकाने काम केले म्हणून दुसऱ्याचे हलके झाले.

ही रचना मराठी माणसाला परकी वाटण्याचे कारण नाही. ‘आईने मला पाठीत धपाटा घातला’ या वाक्यात आपण ‘माझ्या पाठीत’ म्हणत नाही. ‘मला’ म्हटल्यावर पाठ कोणाची हे वेगळे सांगायचे कशाला? ‘मला हाताला धरून नेले’, ‘त्याला कॉलरला धरले’ ही वाक्ये इंग्रजी रचनेशी तंतोतंत जुळतात. ‘माझा हात धरला’ म्हटले की लक्ष हातावर जाते. ‘मला हाताला धरले’ म्हटले की लक्ष माणसावर राहते. ‘ही टुक माय हँड’ आणि ‘ही टुक मी बाय द हँड’ यांतही हाच फरक आहे.

एकाच कुळातले

उपपदे आणि कर्मरूपी सर्वनामे यांची ही जवळीक योगायोगाची नाही. इंग्रजी ‘द’ हा मुळात ‘तो’, ‘ते’ अशा अर्थाच्या दर्शक शब्दांतून झिजत आलेला आहे. ‘देम’ हा शब्द इंग्रजीने जुन्या नॉर्स भाषेतून घेतला, आणि तेथे तोही दर्शक सर्वनामाचेच रूप होता. म्हणजे ‘द’ आणि ‘देम’ लांबचे भाऊबंद आहेत. ‘ॲन’ हा ‘एक’ या अर्थाच्या शब्दाचा अवशेष. ‘ॲन’ आधीचा आहे आणि व्यंजनापूर्वी त्यातला ‘न’ गळून ‘अ’ झाला आहे. म्हणून स्वराच्या उच्चारापूर्वी ‘ॲन’ टिकला : ‘ॲन अवर’, पण ‘अ युनिव्हर्सिटी’. येथे पाहायचा तो उच्चार, लिहिलेले अक्षर नव्हे. या ‘न’ने कधी कधी घरही बदलले. ‘ॲप्रन’ हा शब्द पूर्वी ‘नॅप्रन’ होता. ‘अ नॅप्रन’चे लोकांनी ‘ॲन ॲप्रन’ केले.

जुन्या इंग्रजीत ‘त्याला पाहिले’ आणि ‘त्याला दिले’ यांतील ‘त्याला’साठी ‘हिने’ आणि ‘हिम’ अशी दोन रूपे होती. पुढे ‘हिम’ने दोन्ही कामे स्वीकारली. मराठीच्या ‘ला’ प्रत्ययाचेही असेच आहे. द्वितीया आणि चतुर्थी या दोन्ही विभक्तींत तो एकच. नामांचे विभक्तिप्रत्यय इंग्रजीत जवळजवळ सारे झडले, सर्वनामांत मात्र ‘ही’ आणि ‘हिम’ हा भेद उरला.

युरोपातील इतर भाषांत तर हे नाते उघडच दिसते. लॅटिनमध्ये संस्कृतप्रमाणेच उपपदे नव्हती. तिच्यापासून निघालेल्या फ्रेंच भाषेत दर्शक सर्वनामापासून ‘ल’ आणि ‘ला’ हे शब्द तयार झाले आणि त्यांच्यावर दोन जबाबदाऱ्या आल्या. नामाआधी आले तर ते उपपद, क्रियापदाआधी आले तर ‘त्याला’, ‘तिला’ या अर्थाचे कर्मरूपी सर्वनाम. गोव्यात १९६१ पर्यंत राज्यभाषा असलेल्या पोर्तुगीजमध्येही हेच घडले आहे. इंग्रजीचा ‘द’ आणि इंग्रजीचा ‘हिम’ ही दोन्ही कामे तेथे एकच शब्द करतो. इंग्रजी शिकताना आपण जी दोन प्रकरणे वेगळी पाठ करतो, ती या भाषांत एकाच शब्दात नांदतात.

सराव कसा करावा

१९६१ सालच्या अमेरिकन छापील मजकुरातून ब्राउन विद्यापीठात सुमारे १० लाख शब्दांचा संग्रह करण्यात आला. त्यात ‘द’ जवळजवळ ७० हजार वेळा आढळला. म्हणजे दर १४-१५ शब्दांमागे एकदा. इतक्या वेळा येणारा शब्द नियमांच्या यादीने आत्मसात होणे कठीण. त्यासाठी सलग मजकुराचा सराव हवा.

इंग्रजी वृत्तपत्रातला एक परिच्छेद घ्यावा. बातमीचे शीर्षक घेऊ नये, कारण जागेच्या काटकसरीसाठी शीर्षकांतून उपपदे गाळलेली असतात आणि त्यांची सवय लागली की अर्जातही ‘आय हॅव अटॅच्ड सर्टिफिकेट’ असे लिहिले जाते. परिच्छेदातील एखादी व्यक्ती किंवा वस्तू निवडून तिचा माग काढावा. ती प्रथम कोठे आली, ‘अ’ घेऊन आली की ‘द’ घेऊन, तिचे सर्वनाम कोठे झाले आणि पुन्हा नामाची गरज कोठे पडली. मध्ये दुसरी वस्तू आली आणि ‘इट’ कोणाला लागू होतो याविषयी संशय उत्पन्न झाला, की लेखक सर्वनाम सोडून पुन्हा ‘द’सह नामाकडे येतो, हेही दिसून येईल. अशा आठ-दहा परिच्छेदांतून जे कळते, ते शंभर रिकाम्या जागा भरून कळत नाही.

स्वतः लिहिताना प्रत्येक नामापाशी तीन प्रश्न विचारावेत. हे नाम इंग्रजीत मोजता येते का? मी कोणत्या वस्तूविषयी बोलतो आहे, हे वाचणाऱ्याला ठाऊक आहे का? आणि ती वस्तू आत्ताच, अगदी मागच्या वाक्यात येऊन गेली आहे का? पहिल्या प्रश्नाने ‘अ’ लागू शकेल की नाही हे ठरते, दुसऱ्याने ‘अ’ की ‘द’ हे ठरते आणि तिसऱ्याने ‘द’ ठेवायचा की त्याचे ‘इट’ करायचे हे ठरते. लिहून झाल्यावर एकदा उलटा प्रवासही करावा : प्रत्येक ‘इट’ आणि ‘देम’वर बोट ठेवून ते मागच्या कोणत्या नामाकडे जातात, हे पाहावे. नाम सापडले नाही किंवा दोन सापडली, तर वाचणारा तेथे अडखळणार हे निश्चित.

या साऱ्यामागचे तत्त्व व्याकरणाइतकेच व्यवहारातलेही आहे. समोरच्याला काय ठाऊक आहे आणि काय नाही याचे भान ठेवून बोलणे, हे कोणत्याही भाषेत चांगल्या बोलण्याचे लक्षण मानले जाते. मराठीत आपण ते भान शब्दक्रमाने, प्रत्ययाने आणि मौनाने राखतो. इंग्रजीत ते ‘अ’, ‘द’ आणि ‘इट’ यांनी राखायचे असते. भान आपल्याजवळ आधीपासूनच आहे. नवी आहेत ती केवळ त्याची चिन्हे.